उतारावर अडलेली गाडी: सूर्यास्त आणि तारे दाखवणाऱ्या एका वाळवंटी सहलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही सहल एका संध्याकाळची होती. दुपारी वाळवंटाच्या कडेला पोचायचं, टायरमधली हवा कमी करायची, दीड तास वाळूच्या टेकड्यांवर गाड्या फिरवायच्या, सगळ्यात उंच टेकडीच्या धारेवरून सूर्यास्त पाहायचा, मग तळावर जेवण, दुर्बीण आणि तारे, आणि रात्री साडेनऊपर्यंत परत. वाळवंट उत्तर गोलार्धातलं, कर्कवृत्ताच्या जरा वर; महिना मार्च. कंपनी, ठिकाण आणि माणसं ओळखू येऊ नयेत एवढे तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

गाड्या तीन, सगळ्या फोर-व्हील ड्राइव्ह, चालक धरून पाच जणांच्या. पाहुणे आठ. पहिल्या गाडीत प्रमुख गाइड आणि तिघे, दुसऱ्या गाडीत बऱ्याच वर्षांचा अनुभव असलेला चालक आणि तिघे, तिसऱ्या गाडीत आकाश दाखवणारा गाइड आणि दोघे. पाहुण्यांमध्ये एक कुटुंब, दोन हौशी फोटोग्राफर आणि साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. या बाईंचा उल्लेख पुढे येईल.

कागदावरचं वेळापत्रक असं: चारला सुरुवात, पावणेसहापर्यंत उंच टेकडीवर, ६.२० ला सूर्यास्त, साडेसहाला निघून चाळीस मिनिटांत तळावर, मग जेवण आणि तारे. सूर्य मावळला की अंधार पडला, असं होत नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खगोलशास्त्रीय संधिप्रकाश संपतो आणि तेव्हा कुठे आकाश पुरतं काळं होतं. या अक्षांशावर मार्चमध्ये त्याला सव्वा तास लागतो, म्हणजे त्या दिवशी ७.३५ च्या सुमारास. आणि पौर्णिमा उलटून तिसरी रात्र होती. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. त्या रात्री तो ८.५५ ला, जवळजवळ नव्वद टक्के उजळलेला, वर येणार होता. उगवायच्या आधीच पूर्वेकडचं आकाश उजळायला लागतं. तेव्हा खऱ्या अंधाराचा हिशेब सव्वा तासाचाही नव्हता.

हा हिशेब आकाश दाखवणाऱ्या गाइडला माहीत होता. तीन गाड्यांचं वेळापत्रक मात्र सूर्यास्ताभोवती बांधलेलं होतं आणि चंद्र त्यात कुठेच नव्हता. पुढची बरीचशी अडचण इथून सुरू होते.

अडचण

कुटुंबाला पोचायला पस्तीस मिनिटं उशीर झाला. वेळापत्रकातलं काही गाळलं गेलं नाही. प्रमुख गाइडने नंतर सांगितलं, की फोटोसाठीचा मधला थांबा कमी करून वेळ भरून काढू असं त्याच्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात तो थांबा वाढला, कारण वाऱ्याने एका टेकडीच्या अंगावर सुरेख लहरी उठवल्या होत्या आणि फोटोग्राफर मंडळी हलेनात.

मधला एक तपशील त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही. डांबरी रस्त्यावरून लांबचा पल्ला मारून गाड्या आल्या होत्या, टायर तापलेले होते, आणि त्याच अवस्थेत त्यांची हवा १३ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरवली गेली. रस्त्यावर साधारण ३५ च्या आसपास असलेली हवा वाळूसाठी १२ ते १८ वर आणणं हे बरोबरच आहे. टायर चपटा होतो, वाळूवर टेकणारी त्याची लांबी वाढते, आणि रुतणारी गाडी वर तरंगल्यासारखी चालते. हा उपाय जुना आहे. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२० आणि १९३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरला, तेव्हा टायरची हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी घालणं या त्याच्या रोजच्या युक्त्या होत्या. पण तापलेल्या टायरमध्ये १३ दाखवणारा आकडा टायर निवला की १३ राहत नाही. टायर पन्नास अंशांवरून पंचवीस अंशांवर आला तर १३ चे साधारण ११ होतात. लांबलेला थांबा टेकडीच्या सावलीत होता, वारं गार होतं. पुन्हा हवा मोजली गेली नाही.

५.४० ला ताफा एका मोठ्या वाडगेवजा खळग्याच्या कडेने आडवा चालला होता. उंच टेकडी अजून दोन रांगा पलीकडे. पहिली गाडी उतार आडवा कापून पुढच्या खिंडीत जाऊन थांबली. दुसरी निघाली. मध्यावर तिचं मागचं अंग खालच्या बाजूला घसरलं. अशा वेळी नाक उताराच्या दिशेने वळवायचं आणि हलका ॲक्सिलरेटर देत खाली उतरून जायचं, हे प्रत्येक चालकाला शिकवलेलं असतं. हा चालकही ते शिकवणाऱ्यांपैकी होता. पण पहिल्या गाडीच्या चाकोऱ्या समोर वर दिसत होत्या, उशीर झालेला होता, आणि त्याने स्टिअरिंग वर वळवलं. खालच्या बाजूच्या पुढच्या टायरवर सगळा भार आला, टायर मुडपला आणि त्याची कड रिममधून निसटली. गाडी तिरकी होऊन थांबली. उलटली नाही.

दोन गोष्टी नीट झाल्या आणि त्यांचं श्रेय द्यायला हवं. तिसरी गाडी उतारात शिरलेलीच नव्हती. पुढचा वॉकी-टॉकीवर "मोकळं आहे" म्हणेपर्यंत मागच्याने हलायचं नाही, हा नियम पाळला गेला होता. आणि दुसऱ्या गाडीच्या चालकाने पाहुण्यांना वरच्या बाजूच्या दारातूनच उतरवलं, एकेकाला, घाई न करता. तिरकी गाडी कलंडलीच तर खालच्या बाजूला कलंडते, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. तो सरळ सोप्या दाराकडे धावतो, आणि सोपं दार खालच्या बाजूचं असतं.

उतरताना त्या साठीच्या बाईंनी कंबर धरली. गाडी थांबताना आडवा दणका बसला होता. प्रमुख गाइड खिंडीतून खाली धावत आला होता. त्याने विचारलं, "तुम्हाला आधीपासून पाठीचा काही त्रास आहे का?"

"मणक्याचा आहे," त्या म्हणाल्या. "निघताना तुम्ही विचारलंत ना, कुणाला काही त्रास आहे का म्हणून. सगळ्यांच्या समोर काय हात वर करायचा!"

चालता येत होतं, पायांना मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. हे त्याने नीट विचारून घेतलं. पण त्या क्षणापासून ताफ्यात एक माणूस असा होता, ज्याला आणखी एकही दणका बसून चालणार नव्हतं. टेकडीच्या धारेवरून गाडी जोरात खाली आदळली की सगळ्यात आधी मार बसतो तो मणक्याला, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

सूर्यास्ताला जेमतेम पस्तीस मिनिटं उरली होती.

समोर असलेले पर्याय

प्रमुख गाइडच्या हातात तेव्हा तीन मार्ग होते आणि पहिल्या दोन मार्गांची बाजू मांडणारे वकीलही हजर होते.

पहिला: सगळ्यांनी थांबायचं, टायर उतारावरच बसवायचा आणि ठरल्याप्रमाणे तळावर जायचं. दुसऱ्या गाडीचा चालक याच्या बाजूने होता. वीस मिनिटांत होईल, असं त्याचं म्हणणं. सपाट जागी ते खरंही असतं: जॅकखाली फळी ठेवायची, चाक उचलायचं, कडेतली वाळू झाडायची, व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरने भराभर हवा भरायची, कड फटकन बसते. पण तिरक्या गाडीखाली, भुसभुशीत वाळूत जॅक लावायचा आणि माणसाने तिथे खाली वाकायचं, हे वेगळं काम आहे.

दुसरा: तिघा पाहुण्यांना बाकीच्या दोन गाड्यांत बसवायचं आणि पुढे निघायचं. जागा बरोबर होत्या, पहिल्या गाडीत एक आणि तिसरीत दोन. फोटोग्राफरांचा कौल याला होता. एकाने स्पष्टच म्हटलं, की आम्ही पैसे त्या उंच टेकडीवरच्या सूर्यास्ताचे आणि ताऱ्यांचे दिले आहेत. या पर्यायात दुसऱ्या गाडीचा चालक एकटा, तिरक्या गाडीपाशी, अंधार पडेपर्यंत राहणार होता. आणि पुढे निघालेल्या दोन गाड्यांतली एक अडली, तर तिला ओढायला एकच गाडी उरणार होती, तीही पाहुण्यांनी भरलेली.

तिसरा: इथेच थांबायचं. खिंडीत चढून सूर्यास्त पाहायचा, गाडी सावकाश सोडवायची आणि तारे खळग्याच्या तळातूनच पाहायचे. तळावरची चौथी गाडी जेवण आणि दुर्बीण घेऊन इथे येईल. सरळ रेषेत तळ सहाएक किलोमीटरवर होता, पण मधे तीन मोठ्या रांगा. रांगांच्या मधल्या कडक सपाटीने वळसा घालून आलं तर चौदा किलोमीटर, पण वाट निर्धोक. परत जातानाही सगळ्यांनी याच सपाटीने जायचं, एकही टेकडी न चढता.

बाहेरून पाहताना दुसरा आणि तिसरा पर्याय यांतली निवड सोपी वाटेल. ती तशी नव्हती, आणि त्याचं कारण उजेडात आहे. कलत्या उन्हात वाळूवर सावल्या लांब पडतात, धारा ठसठशीत दिसतात, आणि गाडी चालवायला ही वेळ उत्तम आहे असं वाटतं. सूर्याकडे पाठ असेल तर ते खरंही आहे. पण उंच टेकडी पश्चिमेला होती. थेट डोळ्यांत येणाऱ्या उन्हात, वाळूने खरवडलेल्या काचेतून, चालकाला समोरची धार दिसत नाही; फक्त झगमगाट दिसतो. धारेपलीकडे काय आहे ते तर भर दुपारीही दिसत नाही. वाऱ्याकडची बाजू दहा-पंधरा अंशांची सौम्य चढण असते आणि पलीकडे वाळू ३२ ते ३४ अंशांवर, म्हणजे कोरडी वाळू ज्याहून तीव्र उतारावर टिकूच शकत नाही त्या कोनात, थेट खाली गेलेली असते. त्या दिवशी वारा होता, म्हणजे मागच्या खेपेला पाहिलेल्या धारा जागच्या जागी असतील याची खात्री नव्हती.

सूर्य मावळल्यावर तर आणखी वाईट. त्यानंतरचा अर्धा तास सावलीच नसते. सगळी वाळू एकाच रंगाची, खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात. पुढे पूर्ण अंधारात निदान हेडलाइट तरी कामाला येतात, जरी धारेवर चढताना त्यांचा झोत आकाशात जातो आणि नेमक्या हव्या त्या क्षणी समोर काहीच उजळत नाही. या सहलीचं मूळ वेळापत्रक पाहा: सूर्यास्त एका जागी, तारे दुसऱ्या जागी, आणि मधली चाळीस मिनिटं बरोबर याच उजेडात. काही बिनसलं नसतं तरी ताफा रोज दिवसातल्या सगळ्यात वाईट उजेडात तीन रांगा ओलांडत होता. रोज निभावत होतं, म्हणून कुणाला ते दिसत नव्हतं.

प्रमुख गाइडने तिसरा पर्याय निवडला. का, असं विचारलं तेव्हा त्याने आधी बाईंच्या पाठीचं कारण सांगितलं आणि मग चालकाला एकटं न सोडण्याचं. दोन्ही कारणं पुरेशी आहेत. उजेडाचं कारण त्याने दिलं नाही, आणि मला वाटतं तेच सगळ्यात भक्कम होतं. कारण बाईंची पाठ ठणठणीत असती आणि चालकासोबत थांबायला दुसरं कुणी असतं, तरीही दुसरा पर्याय चूकच ठरला असता.

काय केलं

५.५५ ला तळाला वॉकी-टॉकीवर निरोप गेला. जेवण, दुर्बीण, पांघरुणं आणि जादा पाणी घेऊन सपाटीच्या वाटेने या. सामान भरून गाडी निघेल, असं उत्तर पाच मिनिटांत आलं.

मग पाहुण्यांना गाडीपासून दूर केलं गेलं. ही गोष्ट छोटी वाटते, पण अडलेल्या गाडीभोवती मदतीला आणि बघायला जमलेली माणसं हाच अशा वेळचा मोठा धोका असतो. आकाश दाखवणारा गाइड सगळ्यांना घेऊन खिंडीत गेला. बाईंसाठी त्याने तिरपी, लांबची पण कमी चढाची वाट धरली आणि स्वतः त्यांच्या पावलाने चालला. सूर्यास्त तिथून दिसला. उंच टेकडीवरून दिसतो तेवढा मोकळा नाही, समोरच्या रांगेमुळे दोन-तीन मिनिटं आधीच संपलेला, पण दिसला. मग त्याने सगळ्यांना मागे वळून पूर्वेकडे पाहायला सांगितलं. क्षितिजावर निळसर-करडा पट्टा वर चढत होता, त्याच्या डोक्यावर गुलाबी झालर. ती पृथ्वीची स्वतःची सावली. पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या माणसांना ती दाखवली नाही तर कधीच दिसत नाही. कुटुंबातल्या मुलाने नंतर अभिप्रायात फक्त एवढ्याच गोष्टीबद्दल लिहिलं.

खाली दोघे गाडीशी झगडत होते. उतारावर टायर बसवायचा मोह त्यांनी टाळला. पहिली गाडी खिंडीच्या पलीकडच्या सौम्य बाजूला उभी करून तिचा ओढण्याचा पट्टा अडलेल्या गाडीला बांधला, म्हणजे ती कलंडू नये. मग वरच्या बाजूच्या चाकांखालची वाळू फावड्याने काढत गेले. वरची चाकं खाली बसली तसा तिरकेपणा कमी झाला. नाक उताराकडे वळवण्यासाठी पुढच्या चाकांसमोर वाळूचा उतार घडवला, आणि पट्टा सोडून एकट्या चालकाने गाडी सरळ खाली, लो रेंजच्या पहिल्या गियरमध्ये, ब्रेकला हात न लावता उतरवली. रिमला ओरखडे आले. ६.४० ला गाडी खळग्याच्या तळाशी होती, ७.१० ला टायर बसला. तेव्हाच बाकीचे तीन टायर मोजले गेले आणि ११ चा आकडा समोर आला. सगळ्या टायरांत हवा भरली.

इथे पुन्हा एक निर्णय करायचा होता, आणि तो नोंदीत कुठेही लिहिलेला नाही. गाडी नीट झाली होती. अंधार व्हायला पंचवीस मिनिटं होती. सपाटीने निघालं तर आठपर्यंत तळ गाठता येत होता. तिथे गाद्या होत्या, स्वच्छतागृह होतं, दिव्यांपासून आडोसा होता. चालकाने तसं सुचवलंही. प्रमुख गाइड म्हणाला, "ती गाडी निघालीये, आता कशाला हलायचं?" हे कारण फारसं बरं नाही. निघालेली गाडी वाटेत थांबवता येते, सपाटी एकच होती. पण निर्णय योग्यच होता: प्रवासातली शेवटची पंचवीसेक मिनिटं अंधाराच्या सव्वा तासातून वजा झाली असती, आणि उतरल्यावर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं. हातात फारसं काही उरलं नसतं.

डोळ्यांवरूनच पुढचा घोटाळा झाला. पाहुणे खाली येऊन चटयांवर आडवे झाले होते. सगळे दिवे बंद, गाइडकडे फक्त लाल टॉर्च. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशी गडद लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून लाल उजेडात सरावलेली नजर मोडत नाही. पुनर्वसूची जोडी थेट डोक्यावर, दक्षिणेला व्याध, त्याच्या पश्चिमेला मृग आणि मृगाच्या पोटात तेजोमेघाचा धुरकट ठिपका. रोहिणी, कृत्तिका पश्चिमेकडे झुकलेल्या. ७.४० ला पश्चिम क्षितिजातून वर जाणारा फिकट, तिरपा उजेडाचा शंकू दिसायला लागला. हा राशिचक्र प्रकाश. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीतल्या धुळीवरून परतलेलं ऊन. उत्तर गोलार्धात तो वसंतातल्या संध्याकाळी सगळ्यात छान दिसतो, कारण तेव्हा क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग, पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभं असतं. शहरातून आलेल्या माणसाला तो दाखवायला याहून चांगली रात्र मिळणं कठीण.

आणि तेवढ्यात तळावरची गाडी आली. तीनशे मीटर अलीकडे हेडलाइट बंद करून फक्त पार्किंग लाइटवर ये, असा निरोप होता. चालकाने तसं केलंही. पण गाडी वळवून लावताना तोंड पाहुण्यांकडे राहिलं, आणि दार उघडल्यावर आतला पांढरा दिवा लागला. शिवाय सामान दिसावं म्हणून त्याने सवयीने एकदा हेडलाइट मारले. सात-आठ सेकंद. चटयांवरून एकदम ओरडा झाला. पंधरा मिनिटांची कमाई गेली.

यानंतर आकाश दाखवणाऱ्या गाइडने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात हुशार पाऊल वाटतं. दुर्बीण मांडायची घाई त्याने केली नाही. आठ माणसांची रांग, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, म्हणजे उरलेला अंधार रांगेत उभं राहण्यात गेला असता. त्याने जेवण गाडीच्या पलीकडे, लाल उजेडात वाढायला लावलं, आणि साडेआठपर्यंत फक्त उघड्या डोळ्यांनी आकाश दाखवलं. ज्यांना चढवत होतं त्यांना खिंडीच्या धारेवर नेऊन अगस्त्याचा तारा दाखवला. या अक्षांशावर तो क्षितिजाच्या बारा अंशच वर येतो, खळग्याच्या तळातून तो टेकडीआड होता. दुर्बीण लागली ती चंद्र वर आल्यावर, चंद्राकडेच. पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी चंद्राच्या एका कडेला अंधार चढायला लागलेला असतो आणि त्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. अंधार खाऊन टाकणारा चंद्रच मग कार्यक्रम झाला.

परिणाम

सगळे सपाटीच्या वाटेने १०.४० ला परतले, ठरल्यापेक्षा सत्तर मिनिटं उशिरा. बाईंना पुढच्या सीटवर बसवून, पाठीमागे गुंडाळलेलं पांघरूण देऊन आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासणी करून घेतली. नवी दुखापत निघाली नाही. गाडीचं रिम बदलावं लागलं.

कुटुंब खूश होतं. फोटोग्राफर नव्हते आणि त्यांच्या तक्रारीला दोन भाग होते. उंच टेकडी दाखवली नाही, हा पहिला. त्यासाठी कंपनीने काही रक्कम परत केली. दुसरा भाग अधिक बोचरा होता: माहितीपत्रकावरच्या फोटोत आकाशगंगेचा जो झळाळता, फुगीर भाग वाळूवर उभा दिसतो, तो कुठे होता? तो भाग, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राची दिशा, धनु आणि वृश्चिकेच्या बाजूला आहे. मार्चमध्ये तो पहाटेच्या आधी उगवतो. संध्याकाळी दिसतो तो आकाशगंगेचा हिवाळी, फिकट पट्टा. त्यात फोटो बऱ्याच सेकंदांच्या एक्सपोजरचा, रंग चढलेला. डोळ्याला तो पट्टा करडाच दिसतो. गाड्या वेळेवर पोचल्या असत्या, टायर निसटला नसता, तरी त्या दोघांना त्यांनी विकत घेतलेलं आकाश त्या संध्याकाळी दिसणं शक्यच नव्हतं. तक्रार रास्त होती. फक्त ती टायरच्या नावावर नोंदली गेली.

काय वेगळं करता आलं असतं

अंतर्गत बैठकीत बहुतेक वेळ चालकाने स्टिअरिंग वर का वळवलं यावर गेला. ते समजण्यासारखं आहे, कारण ते एका क्षणावर बोट ठेवता येतं. माझ्या मते निर्णायक क्षण त्याच्या बराच आधीचा, निघतानाचा. पस्तीस मिनिटं उशीर झाल्यावर प्रमुख गाइडने तिथेच, पाहुण्यांसमोर, उंच टेकडी आज होणार नाही असं सांगायला हवं होतं. तेव्हा ते सांगणं स्वस्त होतं. कुटुंबाला वाईट वाटलं असतं, फोटोग्राफर कुरकुरले असते, आणि विषय तिथे संपला असता. न सांगितल्यामुळे पुढच्या प्रत्येक वळणावर पस्तीस मिनिटांचं ओझं चालकांच्या डोक्यावर राहिलं, आणि घसरत्या गाडीत नाक खाली वळवायचं सोडून वरच्या चाकोरीकडे वळवायला लावणारा हात काही अंशी त्या ओझ्याचा होता.

कंपनीने नंतर वेळापत्रक उलटं बांधलं: आधी पंचांगातून चंद्रोदय आणि संधिप्रकाशाची अखेर, मग त्यावरून बाकी सगळं. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी चाकं थांबतात आणि जिथे थांबतात तिथेच तारे पाहिले जातात. उंच टेकडी दुपारच्या फेरीत गेली. काही पाहुण्यांना हे कमी रोमांचक वाटतं, वाटू दे. टायरची हवा आता दोनदा मोजतात, दुसऱ्यांदा पहिल्या लांब थांब्यानंतर. ज्या गाड्या रात्री पाहुण्यांजवळ येणार त्यांच्या आतल्या दिव्यांवर लाल कागद चिकटवला आहे. निरोपापेक्षा कागद भरवशाचा. आरोग्याचा प्रश्न जमावात विचारणं बंद झालं, नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला एकेकट्याला विचारतात, आणि पाठीचा, मानेचा त्रास किंवा गरोदरपण असेल त्यांच्यासाठी फक्त सपाटीने जाणारी वेगळी गाडी ठेवतात.

माहितीपत्रकावरचा फोटो मात्र अजून तोच आहे. खाली बारीक अक्षरांत ऋतूनुसार आकाश बदलतं असं एक वाक्य आलं. मला ते पुरेसं वाटत नाही. महिन्यागणिक वेगळा फोटो लावणं अवघड नाही आणि मृगाचा फोटो काही वाईट दिसत नाही.

दुसऱ्या गाडीच्या चालकाचं मत बदललेलं नाही. टायर बसल्यावर ७.१० ला सपाटीने तळाकडे निघायला हवं होतं, असं तो आजही म्हणतो: बाईंना गादीवर टेकता आलं असतं, आणि एकदा दुरुस्त केलेल्या टायरवर रात्री उशिरा चौदा किलोमीटर जाण्यापेक्षा तेव्हाच, अजून थोडं दिसत असताना जाणं बरं. बाईंपुरतं त्याचं म्हणणं खोडता येत नाही. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की चटईवर आडवं पडल्यावर पाठीला सगळ्यात बरं वाटत होतं, आणि पुन्हा गाडीत बसायला सांगितलं असतं तर त्यांनी नकार दिला असता.